आठवी ते दहावीचं गणित शिकवायला काय काय वापरू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक मित्रमैत्रिणी, घरी शिकवणी घेणारे आणि दहावीच्या मुलांचे आईबाबा मला गणिताच्या साहित्याबद्दल तेच तेच प्रश्न पाठवत असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून सगळी एकाच ठिकाणी लिहून ठेवली. सगळं राज्य मंडळाच्या मराठी आणि सेमी वर्गांना धरून आहे. दुसऱ्या बोर्डाची मुलं असतील तरी संकल्पना त्याच, धड्यांचा क्रम तेवढा वेगळा.

१. शाळेत गणिताची पेटी वगैरे काही नाही. सुरुवातीला काय विकत घेऊ?

जवळपास काही नाही. जुन्या लग्नपत्रिका, खराट्याच्या काड्या, सुतळी, काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, कार्डशीट, आलेख कागद आणि किलोभर ज्वारी, एवढ्यात दहावीपर्यंतचं बरंच काही होतं. विकत घ्यायचीच तर पाच मीटरची मोजपट्टी घ्या, ती रोज लागते. मी आधी ज्या शाळेत होते तिथे घनाकृतींचा छान चकचकीत सेट होता, पण तो कपाटात कुलपात, फुटेल म्हणून कधी कोणी मुलांच्या हातात दिलाच नाही, मुलांनी तो काचेतूनच बघितला. तेव्हापासून मी असंच साहित्य वापरते जे फाटलं, हरवलं, पायाखाली आलं तरी दुसऱ्या दिवशी परत बनवता येतं.

२. फुकटात ऑनलाइन काय मिळतं? यादी द्या.

यादी लांबलचक देत नाही, मी खरंच उघडते तेवढंच सांगते. पहिलं म्हणजे ई-बालभारतीवरची पुस्तकांची पीडीएफ, कारण सहावी-सातवीचं पुस्तक हाताशी लागतं (का लागतं ते प्रश्न ३ मध्ये). दुसरं दीक्षा ॲप, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याचं साहित्य उघडतं. सगळंच चांगलं आहे असं नाही, आधी स्वतः बघून मगच वर्गात लावा. तिसरं जिओजेब्रा, त्याबद्दल प्रश्न ७ मध्ये. चौथं फेट, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशन. ती एकदा डाउनलोड केली की नेटशिवाय चालतात आणि त्यातली काही मराठीतही आहेत. बीजगणितासाठी त्यांचं क्षेत्रफळाचं मॉडेल आणि सरळ रेषांचा आलेख ही दोन बघाच. आणि अरविंद गुप्तांची साइट. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायचं जे काम केलं ते सगळं तिथे आहे, पुस्तकंही आहेत, मराठीतलीसुद्धा, आणि सगळं फुकट.

३. हे हाताळायचं साहित्य प्राथमिकच्या मुलांना ठीक आहे. दहावीत पोर्शन संपत नाही, वेळ कुठून आणू?

सगळ्यात जास्त वेळा येतो तो हाच प्रश्न, आणि माझं याबद्दल अगदी ठाम मत आहे. वेळ साहित्यात जात नाही, तेच तेच पुन्हा शिकवण्यात जातो. वर्गसमीकरण चार वेळा शिकवूनही मूल (अ + ब)² ला अ² + ब² लिहीत असेल तर पाचव्यांदा फळ्यावर लिहून ते सुटणार नाही, त्याला तो मधला २अब डोळ्यांनी दिसलाच पाहिजे, आणि तो एका तासात दिसतो.

पण प्रत्येक धड्याला साहित्य हवंच असंही नाही. मी धडा सुरू करण्याआधी पाच मिनिटांची छोटी चाचणी घेते, मागच्या इयत्तांमधले चार प्रश्न. त्रिकोणमितीच्या आधी गुणोत्तर, वर्गसमीकरणाच्या आधी विस्तारसूत्रं, महत्त्वमापनाच्या आधी एककांचं रूपांतर. जिथे निम्मा वर्ग अडला तिथेच साहित्य काढायचं आणि बाकी ठिकाणी सरळ पुढे जायचं. ई-बालभारतीची जुन्या इयत्तांची पीडीएफ इथे कामाला येते, चाचणीचे प्रश्न तिथलेच घ्या.

४. बीजगणिताच्या फरश्या घरी कशा करायच्या? माप काय ठेवायचं?

लग्नपत्रिका वापरा. एका बाजूला छापलेलं आणि दुसऱ्या बाजूला कोरं असं कार्ड असेल तर कोरी बाजू धन, छापील बाजू ऋण, वेगळा रंग द्यायची गरजच नाही. मुलांना सांगितलं की दोन दिवसांत गठ्ठा जमतो, गावात लग्नं काय कमी असतात.

तीन आकार कापायचे. छोटा चौरस २ सेंमी बाजूचा, तो १. पट्टी ६.७ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद, ती एक्स. मोठा चौरस ६.७ सेंमी बाजूचा, तो एक्स वर्ग. आता ६.७ हा विचित्र आकडा का? कारण पहिल्या वेळी मी पट्टी ६ सेंमीची केली होती आणि मुलांनी तिच्या शेजारी तीन छोटे चौरस लावून बघितले, नेमके बसले, आणि सगळा वर्ग ओरडला, बाई एक्स म्हणजे तीन! पूर्ण तास त्यातच गेला. पट्टी छोट्या चौरसांनी नेमकी भरता येता कामा नये, मगच ती 'माहीत नसलेली लांबी' राहते.

दोघांत एक संच द्या, २ मोठे चौरस, १० पट्ट्या आणि २० छोटे. पहिल्या दिवशी फक्त (एक्स + २)(एक्स + ३) चा आयत रचू द्या, १ मोठा, ५ पट्ट्या आणि ६ छोटे लागतात. मग उलटं, एवढ्या फरश्यांचा आयत कर आणि बाजू सांग. अवयव पाडणं म्हणजे आयताच्या बाजू शोधणं हे एकदा हाताला कळलं की 'मधलं पद फोडा' हे वाक्य मुलांना जादूटोण्यासारखं वाटत नाही.

५. 'पूर्ण वर्ग पद्धती'त तो संख्येचा अर्धा करून वर्ग का मिळवायचा, मुलं विचारतात. कसं समजावू?

प्रश्न ४ मधल्याच फरश्या घ्या. एक्स वर्ग + ६ एक्स = ७ हे घेऊ. १ मोठा चौरस आणि ६ पट्ट्या टेबलावर, आणि मुलांना सांगा याचा चौरस बनवा. सहाही पट्ट्या एकाच बाजूला लावल्या तर लांबट आयत होतो. दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे हलवतील आणि मग कुणीतरी तीन उजवीकडे आणि तीन खाली लावेल. हाच तो 'अर्धा'. आता आकृती चौरसच दिसते पण खालचा उजवा कोपरा रिकामा राहतो, आणि तिथे नेमके ३ गुणिले ३ म्हणजे ९ छोटे चौरस बसतात. हाच तो 'वर्ग'. डावीकडे ९ टाकले म्हणून उजवीकडेही ९, म्हणजे (एक्स + ३)² = १६, एक्स + ३ = ४ आणि एक्स = १.

तो रिकामा कोपरा तुम्ही दाखवू नका. मुलांना तो स्वतः सापडेपर्यंत गप्प बसणं हा या तासातला सगळ्यात अवघड भाग आहे, मला अजूनही जड जातं, पण त्या शांततेतच ते शिकतात. दुसरं उत्तर −७ कुठे गेलं असं तुमच्या मनात आलं असेल तर प्रश्न १९ बघा.

६. मुलं त्रिकोणांच्या एकरूपतेच्या 'बाबाबा' (बाजू-बाजू-बाजू), 'बाकोबा' (बाजू-कोन-बाजू) या कसोट्या पाठ करतात. 'बाबाको' का नाही हे कसं दाखवू?

काड्यापेटीच्या काड्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौरस लगेच कलतो. बाबाबा कसोटी म्हणजे हेच, तीन बाजू ठरल्या की आकार ठरला. पत्र्याच्या शेडच्या छपराला आडव्या-तिरक्या पट्ट्या का असतात हेही त्याच तासात विचारा.

आता बाबाको. कागदावर ३०° चा कोन काढा. एका भुजेवर ८ सेंमीवर खूण करा. त्या खुणेवर ५ सेंमीच्या काडीचं एक टोक ठेवा आणि काडी दाराच्या कडीसारखी फिरवा. ती समोरच्या भुजेला दोन ठिकाणी टेकते. दोन्ही त्रिकोणांत ८ सेंमीची बाजू तीच, ५ ची तीच, ३०° तोच, तरी त्रिकोण वेगवेगळे. काडी ४ सेंमीची घेतली तर एकाच जागी टेकते आणि तिथे काटकोन होतो, काटकोन त्रिकोणांची कर्णभुजा कसोटी का चालते याचं उत्तर नेमकं तिथे आहे. काडी ३ ची घेतली तर पोचतच नाही. मुलांना हे तीनही प्रकार करू द्या, सांगू नका.

७. जिओजेब्रा चांगलं आहे म्हणतात पण शाळेत एकच लॅपटॉप आहे आणि नेट नाही. उपयोग होईल का?

होईल. जिओजेब्रा इन्स्टॉल केलं की नेट लागत नाही, मोबाइलवरही चालतं आणि फुकट आहे. बालभारतीच्या पुस्तकातल्या आयसीटीच्या चौकटींमध्येही त्याचं नाव आहे.

एका लॅपटॉपवर करायची पद्धत मात्र वेगळी. तयार आकृती दाखवून 'बघा, कोन समान' असं करू नका. वर्तुळ काढा, एक कंस पक्का करा, वर्तुळावर एक बिंदू घ्या आणि तिथला अंतर्लिखित कोन मोजायला लावा. मग बिंदू हलवण्याआधी थांबायचं आणि विचारायचं, हा बिंदू वर सरकवला तर कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील, वहीत लिहा. सगळ्यांनी लिहिलं की मगच एका मुलाला बोलावून बिंदू ओढायला सांगा. माझ्या वर्गात बहुतेक जण 'कमी होईल' लिहितात, आणि आकडा जागचा हलत नाही तेव्हा जी कुजबुज सुरू होते तिथून प्रमेयाची सिद्धता शिकवायला सुरुवात करायची. तोच बिंदू ओढत ओढत कंसाच्या पलीकडे नेला तर कोन एकदम बदलतो आणि दोन्ही कोनांची बेरीज १८०° येते, म्हणजे चक्रीय चौकोनाचं प्रमेय त्याच आकृतीत मिळालं.

लॅपटॉपही नसेल तर पाटावर कागद, वर्तुळावर टाचण्या आणि सुतळी. आकडे थोडे इकडेतिकडे येतात, पण कळायचं ते कळतं.

८. पायथागोरसला काहीतरी आपल्याकडचं उदाहरण द्या ना, त्या शिडीचा कंटाळा आला.

लीलावतीतलं बांबूचं उदाहरण घ्या. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये हा ग्रंथ पूर्ण केला. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकलं, तर तो किती उंचीवर मोडला?

हे आधी काडीने करा. खराट्याची ३२ सेंमीची काडी प्रत्येकाला द्या, ती मोडून, पूर्ण न तोडता, उभी धरायची आणि टोक १६ सेंमीवर आणायचं. पहिल्या फटक्यात कुणाचंच येत नाही, बहुतेक मुलं मधोमध १६ वर मोडतात, आणि मग टोक बुंध्यालाच येतं. तीन-चार काड्या वाया गेल्या की ती खाली खाली सरकतात. मग समीकरण, उंची एक्स धरली तर उरलेला तुकडा ३२ − एक्स. सोडवल्यावर एक्स = १२ आणि तिरका तुकडा २०. १४४ आणि २५६ मिळून ४००, म्हणजे २० चा वर्ग. मुलं १२ वर काडी मोडून बघतात आणि टोक नेमकं १६ वर येतं.

जळगाव जिल्ह्यातले असाल तर चाळीसगावजवळच्या पाटण्याला सहल न्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख तिथल्या देवळात आहे. गणित शिकवायला आपल्या मातीत मठ होता हे मुलांना तिथे उभं राहून कळलं पाहिजे असं मला फार वाटतं.

९. त्रिकोणमितीची सुरुवात कशी करू? साइन-कॉस म्हटलं की चेहरे पडतात.

कोनमापकाने. सरळ कडेला पेनाची रिकामी नळी चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा आणि दोऱ्याला नट. नळीतून ध्वजस्तंभाचं टोक बघायचं, दोरा कुठल्या अंशावर आहे ते जोडीदाराने वाचायचं. नळी आडवी असताना दोरा ९० वर असतो, म्हणून उन्नत कोन म्हणजे ९० आणि वाचलेला आकडा यांतला फरक, हे आधीच स्पष्ट करा नाहीतर सगळी उत्तरं उलटी येतील.

पहिल्या दिवशी कोष्टक नको. फक्त ४५° येईपर्यंत मागेपुढे सरकायचं आणि तिथून स्तंभापर्यंतचं अंतर मोजायचं. ८ मीटर आलं तर उंची ८ मीटर, समद्विभुज काटकोन त्रिकोण. मग विचारा, तू झोपून बघितलंस का? तेव्हा डोळ्याची उंची आठवते, १.४ मीटर मिळवले की ९.४. हे एकदा मैदानावर चुकलं की पेपरात 'निरीक्षकाची उंची' कधी विसरत नाहीत. गटागटांची उत्तरं वेगवेगळी येतात, ती जपून ठेवा, सांख्यिकीत मध्य काढायला वर्गाचीच सामग्री मिळते.

आणि साइन हा शब्द आपल्या 'ज्या'वरून गेलेला आहे हेही सांगा. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, वर्तुळातली जीवा मुलांना माहीतच असते. ज्या, जीवा असं होत होत अरबीतून लॅटिनमध्ये जाऊन त्याचं साइन झालं. परका वाटणारा शब्द घरचाच निघाला की मुलं जरा सैलावतात.

१०. शंकूचं घनफळ एक तृतीयांश का, हे ज्वारी भरून दाखवलं तर तीन वेळा नीट बसतच नाही!

बहुतेक वेळा शंकूची उंची चुकलेली असते, तिरकस उंची आणि उंची यांत गल्लत. ही मापं घ्या. कार्डशीटवर १३ सेंमी त्रिज्येची पाकळी कापा, केंद्राशी कोन साधारण १३८.५°. वळवली की त्रिज्या ५ आणि उंची १२ चा शंकू होतो. वृत्तचितीसाठी ३१.४ गुणिले १२ चा आयत, चिकटवायला एक सेंमी जास्त. धान्य बारीक घ्या, मोहरी किंवा बाजरी, आणि प्रत्येक वेळी पट्टीने सपाट करा. थोडंफार कमीजास्त राहीलच.

पण ज्वारी भरणं म्हणजे सिद्धता नाही, हे हुशार मूल विचारतं आणि बरोबर विचारतं. त्याला घन द्या. घनाचा एक कोपरा धरून तिथून समोरच्या तीन पृष्ठांकडे तीन तिरके सूचिस्तंभ कापता येतात, तिन्ही अगदी सारखे. कागदाचे तीन करून जोडले की घन पूर्ण होतो. शंकूसाठी पूर्ण सिद्धता पुढे कॉलेजात येईल, पण तीन हा आकडा कुठून आला ते इथे दिसतं.

११. संभाव्यतेला नाणी उडवण्यात गोंधळच होतो, शिकणं काही होत नाही.

कारण एकच नाणं उडवतो आणि उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं. दोन नाणी द्या आणि आधी पैज लावा. दोन छापा, दोन काटे, एक छापा एक काटा, यांत तिघे खेळाडू, समान संधी आहे का? वर्ग म्हणतो हो, प्रत्येकाला एक तृतीयांश. आता प्रत्येकाने ५० वेळा उडवून खुणा करायच्या, ४० मुलं म्हणजे २००० वेळा. फळ्यावर बेरीज केली की 'एक छापा एक काटा' जवळपास निम्म्या वेळा आलेलं असतं.

मग एक नाणं रुपयाचं आणि दुसरं पाच रुपयांचं घ्यायला सांगा. रुपयावर छापा आणि पाचावर काटा हे एक, रुपयावर काटा आणि पाचावर छापा हे दुसरं. नमुना अवकाशात चार घटक का लिहायचे ते वेगळं सांगावं लागत नाही. सतरंजीवर उडवा म्हणजे नाणी घरंगळत नाहीत.

१२. अर्थनियोजनातले जीएसटीचे दर आणि दुकानाच्या बिलावरचे दर जुळत नाहीत. कुठले शिकवू?

पुस्तकात ०, ५, १२, १८, २८ असे टप्पे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मुख्य दर ५ आणि १८ टक्के झाले, काही वस्तूंना ४०. परीक्षेत उदाहरणात जो दर दिला असेल तोच घ्यायचा, त्यात वाद नाही. वर्गात मात्र मुलांना घरची खरी बिलं आणायला सांगा, जुनी आणि नवी दोन्ही, आणि एकाच वस्तूवरचा कर आधी किती होता आणि आता किती ते काढू द्या. किराणा, औषधाचं दुकान, हॉटेल, तिन्हीकडची आणा. सीजीएसटी आणि एसजीएसटी समान का, आणि परराज्यातून मागवलेल्या वस्तूच्या बिलावर आयजीएसटी का, हे बिल हातात असलं की मुलंच विचारतात.

१३. सेमीची मुलं आहेत. मराठी संज्ञा शिकवू की इंग्रजी?

दोन्ही, पण समोरासमोर. वर्गात एक तक्ता लावा आणि नवीन शब्द आला की मुलांनीच भर घालायची. मराठी संज्ञा खूपदा स्वतःच अर्थ सांगते, लंबदुभाजक म्हटलं की लंब आणि दुभागणारा, दोन्ही गोष्टी शब्दातच आल्या.

एका ठिकाणी मात्र फार जपा. कॉम्प्लिमेंटरी म्हणजे डिक्शनरीत 'पूरक' दिसतं, पण आपल्या पुस्तकात ९०° बेरजेचे ते कोटिकोन, आणि पूरक कोन म्हणजे १८०° वाले, ज्यांना इंग्रजीत सप्लिमेंटरी म्हणतात. चांगल्या चांगल्या मुलांचे मार्क इथे जातात. समरूप आणि एकरूप यांचंही तसंच. एकाच फोटोची पासपोर्ट साइज आणि मोठी कॉपी म्हणजे समरूप, एकाच साइजच्या दोन कॉपी म्हणजे एकरूप.

१४. यूट्यूबवरच्या झटपट ट्रिक्स आणि वैदिक गणित शिकवावं का?

आकडेमोड जलद व्हायला हरकत नाही, संकल्पना शिकवायला नाही. मी एकच नियम ठेवलाय, ट्रिक आणली तर ती का चालते ते बीजगणिताने दाखवायचं. ५ ने संपणाऱ्या संख्येचा वर्ग घ्या, ३५ चा १२२५, म्हणजे ३ गुणिले ४ आणि मागे २५. (१०अ + ५)² चा विस्तार केला की १००अ(अ + १) + २५ येतं, झालं. एवढं केलं की ट्रिकचा धडा होतो, नाहीतर पाठांतरात आणखी एक भर.

१५. साहित्य हातात असताना सगळं येतं, पेपरात मात्र कोरं. असं का?

कारण मधली पायरी राहते. हातातून एकदम चिन्हांवर उडी मारता येत नाही. वहीच्या पानाचे तीन भाग करायला लावा, पहिल्यात हाताने काय केलं ते आपल्या शब्दांत, दुसऱ्यात चित्र, तिसऱ्यात गणिती भाषा. चार-पाच दिवसांनी पहिला रकाना बंद, मग दुसराही बंद. साहित्य कधी काढून घ्यायचं हे कधी द्यायचं याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक प्रशिक्षणांत ते सांगतच नाहीत.

बोर्डाचा पेपर ४० मार्कांचा, दोन तासांचा, आणि त्यात चौकटी पूर्ण करायच्या कृती असतात. तिथे मुलं अडतात कारण सिद्धता दुसऱ्याच्या डोक्यातून चाललेली असते. वर्गात मुलांनीच एकमेकांसाठी चौकटी सोडून कृती तयार करायच्या. कुठली पायरी झाकायची हे ठरवताना सिद्धता आपोआप कळते.

१६. 'पाय अपरिमेय आहे मग आपण २२/७ कसं घेतो?' असं मुलाने विचारलं, काय सांगू?

आधी त्याचं कौतुक करा. मग भागाकार करायला लावा, २२ भागिले ७ म्हणजे ३.१४२८५७ आणि पुढे तेच सहा अंक परत परत. पाय मात्र ३.१४१५९२ असा सुरू होतो आणि त्यात असं चक्र येत नाही. तिसऱ्या दशांशापासूनच दोघं वेगळे. २२/७ ही पायची किंमत नाही, पायच्या जवळची सोयीची संख्या आहे. पातेलं, बांगडी, बादली यांचा परीघ सुतळीने मोजून व्यासाने भागायला सांगा, ३.१ ते ३.२ च्या दरम्यान काहीतरी येईल, आणि सुतळीने यापेक्षा बारीक मोजता येत नाही हेही मुलांना तिथेच कळतं.

१७. वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आहे. भूमिती कशी शिकवू?

रबरी चटईवर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून बॉलपेनने दाबून रेघ ओढली की उठते, बोटाला लागते. शिंप्याकडची दातेरी चकती जाड कागदावर फिरवली तर कागदाच्या मागच्या बाजूला ठिपक्यांची रेघ मिळते. आकडेमोडीला टेलर फ्रेम असते, ती आणि ब्रेलमधलं साहित्य यासाठी जिल्ह्याच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोला. प्रश्न ६ मधल्या काड्या आणि प्रश्न ४ मधल्या फरश्या तिला तशाच चालतात, फक्त छापील बाजू कळत नाही म्हणून ऋण बाजूला सुतळीचा तुकडा चिकटवा. आणि फळ्यावर लिहिताना 'हे आणि हे' म्हणू नका, 'बाजू अब आणि बाजू बक' म्हणा. त्याने सगळ्याच वर्गाचं भलं होतं.

१८. दोन-तीन मुलं फार पुढे आहेत, लगेच संपवून बसतात. त्यांना काय देऊ?

पुढचा धडा देऊ नका, खोल प्रश्न द्या. देवळालीचे कापरेकर गुरुजी शाळामास्तर होते आणि त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत, अंकांची मोठ्यात मोठी संख्या वजा लहानात लहान, आणि परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि पुढे तीच येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. आता प्रश्न असा द्या, पहिल्या पायरीनंतरची प्रत्येक संख्या ९ ने का भागली जाते? अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरले तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) येते. हे मुलाने स्वतः काढलं की त्याचा चेहरा बघा.

स्पर्धेची आवड असेल तर ऑलिम्पियाडची पहिली पायरी आयओक्यूएम, तीन तासांत ३० प्रश्न. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान या तयारीसाठी जुनं आणि चांगलं ठिकाण आहे.

१९. प्रश्न ५ मधल्या फरश्यांत एक्स = १ दिसतं, पण −७ दिसतच नाही. मग साहित्य चुकीचं ना?

चुकीचं नाही, अपुरं. बाजूची लांबी ऋण असू शकत नाही म्हणून फरशीला −७ दाखवता येत नाही, पण (एक्स + ३)² = १६ या समीकरणाला लांबीशी देणंघेणं नाही, कुठल्या संख्येचा वर्ग १६ एवढंच ते विचारतं, आणि तशा संख्या दोन, ४ आणि −४. हे मुलांपासून लपवू नका. मी उलट फळ्यावर −७ ठेवून ताळा करायला लावते, ४९ − ४२ = ७, बरोबर. मग विचारते, हे उत्तर टेबलावर कुठे आहे? मुलं फरश्या उलटतात, छापील बाजू वर करतात, पट्ट्या चौरसावर ठेवून बघतात. मागच्या वर्षी एक मुलगी बराच वेळ गप्प बसली होती आणि मग म्हणाली, बाई, टेबलावर नाहीये ते, ते फक्त वहीत आहे. त्या दिवशी मी तिच्या वर्गाच्या फरश्या गोळा करून पिशवीत भरल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सूत्र पद्धत सुरू केली.